एका संघाचे बिऱ्हाड

स्वतःचे घर होईपर्यंत माणसाला कुठे तरी राहावेच लागते. कुणी भावकीतल्या पडवीत राहतो, कुणी देवळामागच्या धर्मशाळेत चूल मांडतो. जागा देणारा कितीही भला असो, ते दिवस बिऱ्हाडाचेच. भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारून ठोकावा लागतो. रात्री मोठ्याने हसायचे तर दोनदा विचार करावा लागतो.

अशीच वेळ एका खेळाच्या संघावर आली होती. हा संघ काही हौशी पोरांचा नव्हता. खेळून पगार घेणाऱ्या गड्यांचा होता. देश अमेरिका, राज्य टेक्सास, शहर डॅलस. या संघाला आसरा दिला तो एका हायस्कुलाने. साल होते २००३.

तुम्ही म्हणाल, पगारी गडी आणि शाळेच्या मैदानावर? हे कसे काय? तेच आज वाचायचे आहे.

आधी खेळाचे नाव नीट समजून घेऊ, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो पायाने खेळायचा. एका बाजूला अकरा गडी. चेंडूला हात लावायचा नाही. हात लावायची मुभा फक्त गोल राखणाऱ्याला. अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात. मग तिथे फुटबॉल कशाला म्हणतात? तो वेगळाच खेळ आहे. त्यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट असतो. तो हातात घेऊन पळतात. समोरचे गडी धावत येऊन पळणाऱ्याला आडवा पाडतात. डोक्यावर लोखंडी जाळीचे टोप घालून खेळतात, म्हणजे मार किती बसत असेल ते बघा. टेक्सासच्या लोकांचा जीव या दुसऱ्या खेळात. आपला पायाचा खेळ तिथे पुष्कळ दिवस पाहुण्यासारखा राहिला.

१९९४ साली सॉकरची जागतिक स्पर्धा अमेरिकेत भरली. तिच्यातले सहा सामने डॅलसला झाले. लोकांनी गर्दी केली. तेव्हा जाणत्यांना वाटले, आपल्याकडेही पगारी संघ चालतील. १९९६ साली दहा संघांची एक साखळी सुरू झाली. साखळी म्हणजे प्रत्येक संघाने दुसऱ्या संघांशी वर्षभर सामने खेळायचे आणि शेवटी कुणाचे गुण जास्त ते मोजायचे. त्या दहांतला एक डॅलसचा. त्याचे नाव डॅलस बर्न. बर्न म्हणजे भाजणे, चटका. तिथले ऊन पाहता नाव काही खोटे नव्हते.

हा संघ खेळायचा कॉटन बाऊल नावाच्या स्टेडियमात. कॉटन म्हणजे कापूस, बाऊल म्हणजे वाडगा. टेक्सासात कापूस फार पिकतो, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला हे नाव घरचेच वाटेल. हे स्टेडियम १९३० साली बांधलेले. ज्या आवारात ते आहे तिथे दर वर्षी मोठी जत्रा भरते. गाई-बैल येतात, मेंढरे येतात, पाळणे लागतात, खाण्याची दुकाने लागतात. जागतिक स्पर्धेचे सामने झाले ते इथेच.

आता पाटी घ्या आणि एक हिशेब मांडा.

त्या वाडग्यात त्या काळी सुमारे ६८ हजार माणसे बसत. २००२ साली बर्न संघाच्या एका सामन्याला सरासरी १३ हजार माणसे येत. सरासरी म्हणजे कधी कमी, कधी जास्त, पण सगळ्या सामन्यांत सारखी वाटली तर तेवढी. ६८ हजारांत १३ हजार. म्हणजे पाच खुर्च्यांतली एक भरलेली, चार रिकाम्या. तेरा हजार हा काही लहान आकडा नाही. आपल्या तालुक्याच्या कुस्तीच्या फडाला तेरा हजार माणूस आले तर फौजदार स्वतः येऊन उभा राहील. पण तेवढेच लोक त्या प्रचंड वाडग्यात बसले की उखळाच्या तळाशी चार दाणे पडावेत तसे दिसत. ओरडले तरी आवाज वर विरून जाई.

शिवाय भाडे. मोठ्या जागेचे भाडे मोठे. दिवे जास्त, झाडणारे जास्त, दारावरचे राखणदार जास्त. खुर्ची रिकामी असली म्हणून तिचा खर्च चुकत नाही. शंभर माणसांचे लग्न हजारांच्या मांडवात केले तर मांडववाला पैसे हजारांच्या मांडवाचेच घेणार.

कारभाऱ्यांनी विचार केला, आपल्याला बेताची जागा पाहिजे. स्वतःचे घर अजून नव्हते. तोवर कुठे जावे? तेव्हा त्यांची नजर साउथलेक गावाकडे गेली.

साउथलेक डॅलसच्या वायव्येला, सुमारे ४० किलोमीटरवर. वस्ती तेव्हा वीस-पंचवीस हजार. गाव पैसेवाल्यांचे. मोठी घरे, घरापुढे हिरवळ, दारात दोन-दोन मोटारी. तिथल्या कॅरोल हायस्कुलाचे ड्रॅगन स्टेडियम २००१ साली नवे कोरे बांधले होते. त्यात अकरा-बारा हजार माणसे बसत.

इथे वाचणारा थबकेल. शाळेला एवढे स्टेडियम? गाव पंचवीस हजारांचे, आणि निम्मे गाव बसेल एवढी शाळेची जागा? होय, तसेच आहे. टेक्सासात शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळेच्या फुटबॉलची संध्याकाळ. तो नारळाच्या चेंडूचा खेळ. बाप येतो, आजा येतो, दुकान लवकर बंद होते. शाळेचा बँड वाजतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा सामना बघायला अख्खे गाव लोटते. आपल्याकडे यात्रेच्या शेवटच्या दिवशी कुस्त्यांना जशी माणसे झाडावर चढून बसतात, तसला प्रकार.

यासाठी पैसा कुठून येतो? शाळा चालवायला तिथे एक वेगळे मंडळ असते. शाळेचा जिल्हा म्हणतात त्याला, पण हा आपल्यासारखा मोठा जिल्हा नव्हे. एखादे गाव किंवा चार वाड्या एवढाच असतो. या मंडळावर लोक मते देऊन माणसे निवडतात. मंडळ लोकांच्या घरांवर आणि जमिनींवर कर बसवते, जशी आपली ग्रामपंचायत घरपट्टी घेते. मोठे बांधकाम काढायचे तर कर्ज उभारायला लोकांचे मत घ्यावे लागते. म्हणजे असे स्टेडियम शाळेचे खरे, पण त्यातली वीट न् वीट गावकऱ्यांच्या खिशातली. शाळेची मुले काही रोज सामने खेळत नाहीत. उन्हाळ्यात तर मैदान पडूनच असते. ते कुणाला भाड्याने दिले तर शाळेला चार पैसे मिळतात. यात गैर काही नाही.

तर २००३ सालच्या हंगामासाठी पगारी संघाचे बिऱ्हाड शाळेत आले.

कागदावर हा बेत झकास होता. भाडे कमी. जागा नवी, स्वच्छ. मोटारी उभ्या करायला ऐसपैस जागा. आणि हिशेब असा, की तेरा हजार माणसे येतात; जागा अकरा-बारा हजारांची; म्हणजे स्टेडियम रोज भरलेले दिसणार, तिकिटासाठी ओढाताण होणार. मीही तिथे कारभारी असतो तर कदाचित हाच हिशेब मांडला असता.

पण मैदान म्हणजे नुसत्या खुर्च्या नव्हेत. पायाखाली काय आहे तेही बघावे लागते.

शाळेच्या मैदानावर गवत नव्हते. हिरवे दिसे, पण ते प्लास्टिकचे. चटईला जसे दोरे असतात तशी प्लास्टिकची पाती जमिनीवर बसवतात आणि त्यांच्यामध्ये वाळू नाहीतर रबराची बारीक कणी पसरतात. शाळेला हे सोयीचे पडते. पाणी घालावे लागत नाही. पावसाने चिखल होत नाही. पोरांनी आठवडाभर तुडवले तरी उखडत नाही. शाळेच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

सॉकर खेळणाऱ्याची तक्रार वेगळी असते. मातीतले गवत थोडे दबते, पाय घसरायला जागा देते. प्लास्टिकवर बूट अडकतो आणि गुडघ्याला हिसका बसतो. पडले तर कातडी सोलते. चेंडूही वेगळा उसळतो, वेगळा पळतो. आणि ऊन! डॅलसचा उन्हाळा ३५ ते ३८ अंशांचा. तिथे जूनमध्ये सूर्य मावळायला संध्याकाळचे साडेआठ वाजतात. ऊन असेपर्यंत प्लास्टिक तापलेलेच. गवताच्या मुळाशी ओल असते, त्यामुळे गवत अंगानेच गार राहते. प्लास्टिकला ओल कुठून येणार? दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी चाललेल्याला हे सांगायला नको. त्या देशातला सॉकरचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि ऐन उन्हाळ्यातून शरदापर्यंत जातो. बर्न संघाच्या गड्यांना हे मैदान काही मानवले नाही.

गड्यांचे राहू द्या. बघायला येणाऱ्यांचे काय झाले ते बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

डॅलस शहरात २००० सालच्या शिरगणतीप्रमाणे शंभरात सुमारे ३५ माणसे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातून आलेली, नाहीतर त्यांच्या मुलाबाळांतली होती. बहुतेक मेक्सिकोकडची. ही माणसे घरे बांधतात, हॉटेलात रांधतात, बागा राखतात. सॉकर त्यांचा जीव की प्राण. पोर चालायला लागले की आधी चेंडूला पाय लावते. कॉटन बाऊल शहराच्या पोटात होते. तिथे बसने जाता येई. साउथलेक दूर, आणि डॅलसच्या सरकारी बसची तिथपर्यंत फेरी नव्हती. मोटार असेल त्यानेच जावे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने बायकापोरांना घेऊन ४० किलोमीटर जायचे आणि रात्री तेवढेच परत यायचे, हे दर आठवड्याला कसे जमावे? आणि दुसऱ्याच्या श्रीमंत गल्लीत जाताना गरिबाचे पाय जरा अडखळतातच. त्याला कुणी अडवले नसले तरी.

आणखी एक बारीक गोष्ट. सामना बघताना बिअर प्यायची तिथल्या लोकांना सवय. बिअर म्हणजे जवाची दारू. शाळेच्या जागेत ती मिळेना. शाळेचे याबाबतीत मुळीच चुकले नाही, असे मी म्हणेन. पण काही लोक तेवढ्यासाठीसुद्धा आले नाहीत, हे लिहिल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही.

पुन्हा पाटी घ्या. २००३ साली सामन्याला सरासरी माणसे आली आठ हजारांहूनही थोडी कमी. आदल्या वर्षी होती १३ हजार. म्हणजे पाच हजार घटली. घरचे सामने साधारण १५. पाच हजार गुणिले पंधरा. उत्तर तुमचे तुम्ही काढा आणि शेजाऱ्याच्या पाटीशी ताडून बघा. पाऊण लाखाच्या आसपास आले म्हणजे बरोबर.

अकरा-बारा हजारांच्या जागेतही तीन खुर्च्यांतली एक रिकामी राहिली. भाड्यात वाचवलेला पैसा तिकिटात गेला की काय, हे त्यांच्या वह्या पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण गर्दी गेली ती डोळ्यांना दिसत होती.

खेळाचेही काही बरे झाले नाही. त्या वर्षी संघ ३० सामने खेळला. जिंकले ६, हरले १९, बरोबरीत सुटले ५. जिंकलेल्या सामन्याला तीन गुण, बरोबरीला एक, हरलेल्याला शून्य. सहा त्रिक अठरा आणि पाच, तेवीस. तीस सामन्यांत तेवीस गुण. साखळीत सगळ्यांच्या तळाला. पहिल्या सात वर्षांत कधी झाले नव्हते ते झाले. शेवटच्या बाद फेरीत या संघाला जागाच मिळाली नाही. हंगाम संपायच्या आत शिकवणारा उस्तादही बदलला.

आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे. ही म्हण इथे लागू करायला कुणी पुढे येईल, आणि त्याचे थोडे खरेही आहे. एकोणीस सामने नुसत्या प्लास्टिकमुळे हरत नाहीत. त्यातले निम्मे सामने तर दुसऱ्यांच्या मैदानावर झाले होते. संघच त्या साली कच्चा होता. पण म्हणीला दुसरी बाजू आहे. अंगण खरोखर वाकडे असले तर चांगल्या नाचणाऱ्याचाही ताल चुकतो, आणि बघणारे उठून गेले तर नाचायला हुरूप राहत नाही. घरच्या मैदानावर खेळण्याचा फायदा म्हणतात तो काय असतो? चार ओळखीचे चेहरे, ओळखीची आरोळी. आपल्या नावाने ओरडणारा माणूस. तो माणूस तर मागे शहरातच राहिला होता.

आता गंमत बघा. त्याच मैदानावर, त्याच वर्षी, शाळेच्या पोरांनी काय केले? त्यांच्या त्या नारळाच्या चेंडूच्या खेळात ती एकामागून एक सामने जिंकत सुटली. आदल्या वर्षी, २००२ साली, ती सगळ्या टेक्सासात आपल्या गटात पहिली आली होती, एकही सामना न हरता. २००३ साली पुन्हा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. तिथे मात्र हरली. किती गुणांनी? समोरच्यांचे सोळा, यांचे पंधरा. एका गुणाने! वर्षभरातली तेवढी एकच हार. घरमालकाची पोरे जिंकताहेत आणि बिऱ्हाडकरू पगारी गडी हरताहेत, असे ते वर्ष गेले.

त्याच २००३ साली संघाला नवा मालक मिळाला. लामार हंट त्याचे नाव. टेक्सासच्या तेलवाल्या घराण्यातला माणूस. नारळाच्या चेंडूच्या खेळात त्याचे मोठे नाव होते, पण सॉकरवरही त्याचा जीव. ओहायो राज्यात कोलंबस म्हणून शहर आहे. तिथल्या सॉकर संघासाठी त्याने १९९९ साली वीस-बावीस हजार माणसांचे, खास सॉकरचे स्टेडियम बांधले होते. अंगाच्या मापाचा सदरा शिवावा तसे. त्या साखळीतले तसले ते पहिलेच.

बिऱ्हाड एका वर्षात हलले. २००४ साली संघ पुन्हा कॉटन बाऊलला गेला. तोच मोठा वाडगा, त्याच रिकाम्या खुर्च्या. पण खाली गवत, आणि जागा शहरात. माणसे परत आली का? आली, पण सगळी नाही. सरासरी नऊ हजारांच्या आसपास. दुकान वर्षभर दुसऱ्या पेठेत नेले की गिऱ्हाईक दुसऱ्या वाण्याकडे जायला लागते. परत येऊन फळी उघडली म्हणून सकाळी सगळे दारात उभे राहत नाहीत. एका वर्षात गेलेली माणसे एका वर्षात परत आली नाहीत, एवढे त्या आकड्यांवरून दिसते.

त्याच सुमारास डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को गावात संघाचे स्वतःचे घर बांधायला घेतले. ६ ऑगस्ट २००५ रोजी तिथे पहिला सामना झाला. न्यूयॉर्ककडचा संघ आला होता. दोन-दोन गोलांनी बरोबरी झाली. जागा सुमारे वीस हजारांची. खाली खरे गवत. संघाने नावही बदलले. बर्न गेले, एफ सी डॅलस आले.

फ्रिस्कोही शहरापासून दूरच, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तेव्हा लांबचा रस्ता हे दुखणे काही गेले नाही. शहरातल्या बसवाल्या माणसाला ते घरही परकेच. हे मला आजही खटकते. पण या वेळी जागा संघाच्या मापाची होती आणि उद्या निघा म्हणणारे कुणी नव्हते.

या घराचा पैसा एकट्या मालकाचा नव्हता. फ्रिस्को गावाने वाटा उचलला, तिथल्या जिल्ह्याने उचलला. आणि आणखी कुणी उचलला, ओळखा बघू? फ्रिस्कोच्या शाळेच्या मंडळाने! त्यांची अट साधी होती. आमच्या मुलांनाही इथे खेळू द्यायचे. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिथे शाळेची पोरे नारळाचा चेंडू घेऊन पळू लागली आणि दुसऱ्या दिवशी पगारी गडी पायाने खेळू लागले. शाळेच्या मैदानावर बिऱ्हाड करून राहिलेल्या संघाच्या घरात आता शाळा भागीदार झाली. गवताचे हाल होत असतील, ते माळी जाणे.

२००३ सालच्या त्या हरलेल्या संघात ऑस्कर पारेहा नावाचा एक खेळाडू होता. कोलंबिया देशातून आलेला. पुढे तोच या संघाला शिकवणारा उस्ताद झाला. २०१६ साली त्याच्या हाताखाली संघाने साखळीत सगळ्यांत जास्त गुण मिळवले.

आणि साउथलेकचे मैदान? ते शाळेचेच होते, शाळेकडेच राहिले. संघ गेला त्या वर्षी, २००४ साली, तिथल्या पोरांनी राज्याचा मान परत मिळवला. २००५ सालीही मिळवला. २००६ सालीही.